रावेल उठलाच नाही!

"अगं, ऐकलंस का? रावेल जागचा उठलाच नाही!"

"कोण रावेल? मागच्या गल्लीतले?"

"मागची गल्ली कसली! पॅरिसचा. मॉरिस रावेल, संगीतकार. अख्खं ऑपेरा हाउस टाळ्या पिटतंय, तोस्कानिनी व्यासपीठावरून त्याच्याकडे हात करतोय, उठा, लोकांना दर्शन द्या म्हणून, आणि हा आपला ढिम्म. खुर्चीला चिकटलेला."

"अगं बाई! कधी झालं हे?"

"4 मे 1930."

शेजारच्या काकूंकडे शिळी बातमी नसतेच. पेशव्यांच्या घरातली धुसफूससुद्धा त्या काल रात्री कानावर आल्यासारखी सांगतात. मुलाकडे पॅरिसला राहून आल्यापासून त्यांच्या बातम्यांच्या मुलखात फ्रान्सची भर पडली आहे. मी कुंपणापलीकडच्या झाडाचा कढीपत्ता मागायला आले होते. काकूंनी डहाळी तोडली, पण हातात ठेवली नाही. म्हणजे गोष्ट लांबणार.

"तो तोस्कानिनी म्हणजे मोठा कंडक्टर ना?"

"मोठा म्हणजे! त्या काळी कंडक्टर म्हटलं की आधी त्याचंच नाव यायचं. आर्तुरो तोस्कानिनी. इटलीतल्या पार्माचा, शिंप्याचा मुलगा. वाजवायचा चेलो. 1886 साली एका इटालियन कंपनीबरोबर ब्राझीलला गेला. तिथे रिओमध्ये कंडक्टरचं आणि कंपनीचं बिनसलं. बदली जो उभा राहिला त्याला प्रेक्षकांनी हुसकावलं. मग कुणीतरी म्हणालं, त्या चेलोवाल्या पोराला उभं करा, त्याला सगळं पाठ आहे. वय वर्षं 19. वर्दीचा 'आयदा' ऑपेरा अख्खा, समोर वही न उघडता पार पाडला. दुसऱ्या दिवसापासून तो कंडक्टर."

"पाठ कशाला करायचा पण?"

"दिसायचं कमी. डोळे अधू, त्यामुळे वहीतलं वाचत हात हलवणं जमायचंच नाही. जन्मभर सगळं तोंडपाठ. आणि पाठ असलेल्या माणसाचा स्वभाव कसा असतो ते तुला माहीत आहे. एक सूर इकडेतिकडे झाला की संपलं. तालमीत छड्या मोडायचा, आरडाओरडा करायचा. वादक थरथर कापायचे आणि पुन्हा त्याच्याच हाताखाली वाजवायला धडपडायचे."

"मग तो पॅरिसला काय करत होता?"

"पाहुणा गेला होता. तेव्हा तो न्यूयॉर्क फिलहार्मोनिकचा. 1842 पासूनचा हा वाद्यवृंद, पण युरोपच्या दौऱ्यावर कधी निघाला नव्हता. 1930 च्या मे महिन्यात पहिल्यांदा निघाला. दौऱ्याची सुरुवातच पॅरिसच्या ऑपेरात. त्या फ्रेंच मंडळींना आधीच वाटायचं, अमेरिकेत पैसा आहे, गगनचुंबी इमारती आहेत, संगीत कुठलं? त्यांच्या नाकावर टिच्चून वाजवून दाखवायचं होतं."

"दौऱ्याला पैसाही लागला असेल."

"पैसा कुठे नव्हता! फिलहार्मोनिकच्या मंडळाचा अध्यक्ष क्लॅरेन्स मॅके. चांदीच्या खाणीतला बापाचा पैसा, वर तारयंत्राची कंपनी. त्याच्या घरची एक गंमत आहे. एवढा संगीताचा आश्रयदाता, पण पोरीने लग्न केलं ते कुणाशी? आयर्व्हिंग बर्लिनशी. नाटकसिनेमातली लोकांच्या तोंडी बसणारी गाणी लिहिणारा, रशियातून आलेला ज्यू मुलगा. 1926 मध्ये बापाच्या नाकावर टिच्चून. बापाचं आणि लेकीचं बोलणं बरीच वर्षं बंद."

"जावई संगीतातलाच मिळाला की!"

"तेच तर! पण ते 'तसलं' संगीत."

काकूंनी डहाळी या हातातून त्या हातात घेतली.

"आणि ते ऑपेरा हाउस म्हणजे आपल्या चर्नी रोडच्यासारखं का हो?"

"नातं आहे, पण ही थोरली जाऊ. आपलं रॉयल ऑपेरा हाउस पंचम जॉर्जने 1911 मध्ये उघडलं, पुढे बरीच वर्षं कुलूप लावून पडलं होतं, 2016 मध्ये नटूनथटून पुन्हा उघडलं. तिथे पावणेसहाशेच्या आसपास खुर्च्या. पॅरिसच्या त्या पॅले गार्निएत दोन हजारांच्या जवळ. नेपोलियन तिसरा जुन्या ऑपेराला आला असताना दारात त्याच्यावर बाँब पडले, 1858 मध्ये. तो वाचला, माणसं मेली. मग म्हणाले, नवं बांधा, मोकळ्या रस्त्यावर. स्पर्धा झाली आणि शार्ल गार्निए नावाचा कोवळा, फारसं नाव नसलेला माणूस निवडला गेला. 1861 ला काम सुरू, उघडायला 1875 उजाडलं. तोवर राजाही गेला आणि राज्यही."

"आणि गार्निएचं काय?"

"उद्‌घाटनाला त्याला स्वतःच्या पैशांनी तिकीट काढावं लागलं, असं सांगतात."

"काय सांगता!"

"मग! बांधणाऱ्याला कोण विचारतो! आतला तो जिना बघशील तर डोळे फिरतील. संगमरवर, दिवे, पुतळे. नाटक बघायला जायचं की जिन्यावर उभं राहून कोण कुणाबरोबर आलंय ते बघायचं, असाच प्रश्न. आणि तो जिना तेवढ्यासाठीच बांधलाय, असं आम्हाला फिरवणारी बाई म्हणाली. मागच्या बाजूला नाचणाऱ्या मुलींची एक खोली आहे. तिथे वर्गणीदार शेठजींना आत जायची मुभा होती. पुढचं मी बोलत नाही."

"बोलताय ते पुरेसं आहे."

"वर सात टनांचं झुंबर. 1896 मध्ये त्याचं वजन तोलणारं एक धूड वरून पडलं, खाली बसलेली एक बाई दगावली. तेच मनात धरून गास्तों लेरूने ती भुताची कादंबरी लिहिली, ऑपेरातल्या भुताची. अजून तिच्यावर नाटकं चालतात. आणि एक सांगते, 'बोलेरो' पहिल्यांदा वाजला तोही याच घरात. 22 नोव्हेंबर 1928."

"हा बोलेरो म्हणजे रावेलचा?"

"त्याचाच. तेवढ्यावरच तर सगळं रामायण. इदा रुबिनस्टाइन नावाची एक श्रीमंत नर्तकी होती. तिला स्पॅनिश ढंगाचं काहीतरी हवं होतं. रावेल दुसऱ्याच्या चाली वाद्यवृंदासाठी बांधून देणार होता, पण त्यांचे हक्क आधीच एकाला दिलेले निघाले. मग म्हणाला, मीच लिहितो. आणि लिहिलं काय? एक चाल, तिची एक जोडीदारीण, आणि खाली एक पडघम. बास."

"बास म्हणजे?"

"बास म्हणजे बास! पडघमावर दोन मापांचा एक तुकडा. तोच तुकडा शेवटपर्यंत, 169 वेळा. वरची चाल तीच, पुन्हा तीच, पुन्हा तीच. आधी एकटी बासरी, मग क्लॅरिनेट, मग बॅसून, मग छोटं क्लॅरिनेट, पुढे सॅक्सोफोन, ट्रॉम्बोन... वाद्यं बदलत जातात, वाढत जातात. हळूहळू आवाज चढतो. शेवटी सगळे मिळून कोसळतात आणि संपतं."

माझे वडील तबला वाजवायचे. मला राहवेना. "आणि लय? लय तरी चढते ना?"

"नाही! इथेच तर मेख आहे. लय जागची हलायची नाही. पहिल्या ठोक्याला जी, तीच शेवटच्या ठोक्याला. रावेलची ती अटच. बाप इंजिनियर होता त्याचा. यंत्रांचं भारी वेड. बोलेरो सुचला तो कारखान्यावरून, असं तो सांगायचा. यंत्र कधी उत्साहाने वेग वाढवतं का?"

"पण आपल्याकडे लय वाढली नाही तर लोक उठून चहाला जातात हो काकू. विलंबितातून द्रुतात यायचं, मग झाला, मग तिहाई. चढत्या लयीला माणूस आपोआप सरसावतो. सगळं चढवायचं आणि लय तेवढी बांधून ठेवायची, म्हणजे ऐकणाऱ्याचा जीव टांगणीलाच."

"तेच त्याला हवं होतं. 1931 मध्ये एका मुलाखतीत त्यानेच सांगितलं, ही 17 मिनिटांची गोष्ट आहे आणि यात संगीत असं नाहीच, नुसतं वाद्यवृंदाचं कापड आहे. आपल्याच पोराबद्दल असं बोलणारा बाप."

"मग तोस्कानिनीने काय केलं?"

काकूंनी आवाज खाली आणला. ऐकायला दुसरं कोणी नव्हतं, पण अशी गोष्ट मोठ्याने सांगत नाहीत.

"पळवला!"

"काय पळवला?"

"बोलेरो! जलद घेतला. चांगलाच जलद. रावेल बसलाय समोर, स्वतः, नीटनेटका सूट घालून. माणूस भारी टापटिपीचा हं, अंगाने लहानखुरा, पण कपड्यांत एक सुरकुती नाही. आणि त्याच्या डोळ्यांदेखत त्याचा बोलेरो भरधाव निघालाय. संपल्यावर ऑपेरा डोक्यावर घेतलं लोकांनी. तोस्कानिनी मोठेपणाने त्याच्याकडे हात करतोय, की या टाळ्या यांच्या. आणि रावेल उठलाच नाही."

"बापरे. चारचौघांत."

"मग पडद्यामागे भेट झाली. आता तिथे काय बोलणं झालं त्याच्या दोन आवृत्त्या आहेत. एक अशी, की रावेल म्हणाला, फार जलद झालं. तोस्कानिनी म्हणाला, तुम्हाला तुमच्याच संगीतातलं काही कळत नाही, असं वाजवलं तरच ते तगतं."

"काय तोंड!"

"दुसरी अशी, की रावेल म्हणाला, ही माझी लय नव्हे. तोस्कानिनी म्हणाला, तुमच्या लयीत ते उठत नाही. रावेल म्हणाला, मग वाजवू नका."

"ही दुसरी खरी असणार."

"का गं?"

"कारण यात दोघांनाही शेवटचा शब्द आपलाच हवाय."

काकू खूश झाल्या. कढीपत्त्याची डहाळी अखेर कुंपणावरून माझ्या हातात आली, पण मी जाणार नव्हतेच.

"आता यातली खरी गंमत सांगते," काकू म्हणाल्या. "हा तोस्कानिनी कोण? तर 'वहीत लिहिलंय तसंच वाजवा' म्हणून जगाला धारेवर धरणारा. त्याच्या आधी गायक मंडळी काय करायची? स्वर हवा तेवढा ताणायची, मनाला येईल तिथे तान घ्यायची, लोक वन्समोअर ओरडले की तेच पद पुन्हा."

"आपल्या नाट्यगीतांसारखं."

"अगदी! आणि याने मिलानच्या ला स्कालात वन्समोअर बंद केले. 1903 मध्ये हंगामाच्या शेवटच्या रात्री लोक वन्समोअरसाठी हटूनच बसले, तर हा गृहस्थ मधूनच निघून गेला, आणि तीन वर्षं तिकडे फिरकला नाही. खेळ चालू असताना दिवे मंद करायला लावले. बायकांना टोप्या काढायला लावल्या, मागच्याला दिसत नाही म्हणून."

"बायकांच्या टोप्यांचं पटलं. पण वन्समोअर बंद? बालगंधर्वांच्या नाटकाला हा असता तर?"

"पहिल्याच वन्समोअरला पेटीवाल्याच्या अंगावर धावून गेला असता. आणि लोकांनी त्याला पहाटेपर्यंत बसवून ठेवलं असतं, ते वेगळं!" काकू हसल्या. "तर असा हा शिस्तीचा पुतळा. बेथोव्हनच्या तिसऱ्या सिंफनीबद्दल लोक काय काय बोलायचे, यात नेपोलियन आहे, यात अमका आहे, तमका आहे. हा म्हणायचा, माझ्यासाठी यात फक्त वर लिहिलेली लयीची सूचना आहे, बाकी काही नाही. लयीची सूचना, लक्षात घे! आणि ज्याने लय ठरवली तो माणूस जिवंत, धडधाकट, समोर बसलेला असताना हा स्वतःच्या लयीत."

"म्हणजे सोसायटीच्या त्या जुन्या सेक्रेटरींसारखं झालं. सगळ्यांना पार्किंगचा दंड आणि त्यांची गाडी फाटकात आडवी."

"अगदी तसंच. नियम करणाऱ्याला वाटतं, नियम मोडणं हा गुन्हा खरा, पण मी मोडतो तेव्हा त्यामागे विचार असतो."

"पण काकू, दुसरी बाजूही सांगा ना. रावेलने लय लिहून ठेवली होती की नुसतीच मनात?"

काकू जरा थांबल्या. ही थांबण्याची जागा मला ओळखीची आहे. आता पाठिंबा थोडा काढून घेतला जाणार.

"लिहिली होती. आणि इथे रावेलची बाजू थोडी लंगडी पडते. छापलेल्या प्रतीत आकडा होता 76, मिनिटाला 76 ठोके. स्वतःच्या प्रतीत त्याने तो खोडून 66 केला. पुढच्या आवृत्त्यांत आला 72."

"घ्या! त्याचंच त्याला ठरत नव्हतं."

"ठरलं होतं गं, नंतर ठरलं. 1930 च्याच जानेवारीत त्याने स्वतः उभं राहून बोलेरो ध्वनिमुद्रित केला, लामुरू वाद्यवृंदाबरोबर. सोळा मिनिटांच्या आसपास जातो तो. सावकाश, एकसारखा."

"पण छापील पानावर 76 असेल तर बाहेरच्या माणसाने काय करायचं? घरातल्या प्रतीत काय खोडलंय ते त्याला कसं कळणार?"

"विचारायचं! माणूस पॅरिसजवळच राहतोय. एक चिठ्ठी टाकायची, येताय का तालमीला म्हणून. आपण दिवाळीत दुसऱ्याच्या अंगणापर्यंत माळ लावायची तर विचारतोच ना?"

"हो, पण अमेरिकेत बोलेरो गाजवला कोणी? तोस्कानिनीनेच ना?"

"त्यानेच. 1929 च्या नोव्हेंबरात न्यूयॉर्कला पहिल्यांदा वाजवला आणि लोक वेडे झाले. रावेलच्या नावाचा तिकडे जो गाजावाजा झाला त्यात याचा वाटा मोठा, हे मान्य करायलाच हवं."

"मग तोस्कानिनीच्या मनात असंच असणार, की मी याचं भलं केलं, हा उठायलाही तयार नाही. आणि रावेलच्या मनात, की ज्याचं भलं झालं तो माझा बोलेरो नव्हेच, दुसराच कुणीतरी आहे. त्या टाळ्या घ्यायच्या म्हणजे ती लय आपली म्हणून कबूल करायची."

काकूंनी माझ्याकडे जरा आदराने पाहिलं. "हे मला सुचलं नव्हतं. उठणं म्हणजे सही करणं."

"मग सहीच दिली नाही त्याने. बरोबर केलं."

"थांब, इतक्यात बरोबर म्हणू नकोस. चार महिन्यांनी त्यानेच तोस्कानिनीला पत्र लिहिलं."

"माफीचं?"

"माफी कसली! मखलाशी. म्हणे, मला पहिल्यापासून असं वाटत आलंय, की संगीतकाराने स्वतः वाजवण्यात भाग घेतला नसेल तर त्याने टाळ्यांपासून दूर राहावं."

"म्हणजे रागावलो नव्हतो, तत्त्वाने बसून होतो!"

"हो! आमच्याकडे नाही का, लग्नात रुसून जेवायला न बसलेला माणूस पुढच्या वर्षी सांगतो, त्या दिवशी माझा उपास होता. आणि त्यानंतर दहा दिवसांनी दुसरं पत्र. माझा डाव्या हाताचा कॉन्चेर्तो होतोय, पहिला प्रयोग तुम्ही करता का?"

"डाव्या हाताचा म्हणजे?"

"पियानो फक्त डाव्या हाताने वाजवायचा. व्हिएन्नाचा पाउल विटगेनश्टाइन, त्या तत्त्वज्ञ लुटविखचा भाऊ. पहिल्या महायुद्धात उजवा हात गेला, पण वाजवणं सोडलं नाही. मोठमोठ्या लोकांना पैसे देऊन डाव्या हातासाठी रचना करून घ्यायचा. रावेलनेही एक दिली."

"तोस्कानिनीने घेतला का तो प्रयोग?"

"नाही म्हणाला. आणि रावेलचं नशीब बघ. 1932 च्या जानेवारीत व्हिएन्नात विटगेनश्टाइनने तो वाजवला, तेव्हा त्यातही आपल्या मनाने फेरफार केले. रावेल पुन्हा संतापला. विटगेनश्टाइन म्हणाला म्हणे, वादक काही गुलाम नसतात. रावेलने उत्तर दिलं, असतात, गुलामच असतात."

"हे मात्र अति झालं हो."

"झालंच."

"माझे वडील म्हणायचे, तबलजीला नोकर समजणाऱ्या गवयाची मैफल कधी रंगत नाही. हा सगळ्यांनाच नोकर समजतो आणि तो तोस्कानिनी सगळ्यांचा मालक. दोन्ही एकाच माळेचे मणी. एकाला वाटतं रचलं मी म्हणून माझं, दुसऱ्याला वाटतं उभं केलं मी म्हणून माझं."

"आणि तरी एक सांगते. तोस्कानिनी नुसताच हट्टी नव्हता. पॅरिसच्या त्या प्रसंगानंतर पुढच्याच वर्षी, मे 1931 मध्ये, बोलोन्यात त्याला फॅसिस्टांचं गाणं आधी वाजवा म्हणून दटावलं. हा म्हणाला, नाही. दाराशी गुंडांनी थोबाडीत मारली. चौसष्टीचा माणूस. तरी वाजवलं नाही. जो हट्ट रावेलच्या समोर नको होता, तोच तिथे शोभला."

"म्हणजे हट्ट तोच. कुणापुढे केला त्यावर त्याला नावं ठेवायची की शाबासकी द्यायची ते ठरतं."

"आता तू कुणाच्या बाजूने? नक्की सांग."

मी विचार केला. सापडलेल्या पुराव्यावरून रावेलचं पारडं जड होतं. कारखान्यासारखी अढळ लय हा त्या रचनेचा कणाच आहे. ती बदलली तर चाल उरते, पण जिवाची ती टांगणी उरत नाही. तोस्कानिनीला हे कळलं नव्हतं असं मी म्हणणार नाही. त्याला लोकांना त्या टांगणीतून लवकर सोडवायचं होतं. पण त्यातून सोडवायचं नाही, असं ज्याने ठरवलं होतं, तो समोर बसला होता.

"रावेलच्या," मी म्हटलं. "पण त्याने उठायला हवं होतं."

"ते का?"

"उठून, मान लववून, मग तोस्कानिनीला घरी जेवायला बोलवून झापायचं. चारचौघांत बसून राहिला, त्यामुळे लोकांच्या लक्षात त्याची लय राहिली नाही, त्याचं रुसणं राहिलं."

"तू आपली खरी कोकणी!" काकू म्हणाल्या. "बरं, दोन्ही ध्वनिमुद्रणं मिळतात फोनवर. रावेलचं स्वतःचं 1930 चं, आणि तोस्कानिनीचं 1939 चं, अमेरिकेत रेडिओवरून झालेलं. आधी रावेलचं ऐक. पूर्ण. मधे उठून कुकर बंद करायला जायचं नाही."

"आणि मला तोस्कानिनीचंच जास्त आवडलं तर?"

"तर इकडे येऊन सांग. पण आमच्या ह्यांच्यासमोर नको. ते तोस्कानिनीवाले आहेत. त्यांना एक मत जास्त मिळालं, तर या घरात लय कोणाची यावर उद्यापासून मतदान सुरू होईल."